ताप गेला, थकवा राहिला: गुळवेल आणि अश्वगंधा किती घ्यावी?

पत्राचा सारांश: हे पत्र ४१ वर्षांच्या एका माध्यमिक शिक्षिकेचे आहे. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना डेंग्यू झाला, पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि सप्टेंबरच्या मध्यावर त्या शाळेत पुन्हा रुजू झाल्या. आता साडेतीन महिने उलटले, तरी लागोपाठ दोन तास घेतले की त्यांचे पाय कापतात, जिना चढला की खुर्ची शोधावी लागते आणि सगळा रविवार झोपण्यात जातो. रक्ततपासणी ‘नॉर्मल’ आली. थायरॉइडची गोळी त्या सहा वर्षांपासून घेत आहेत. ऑक्टोबरपासून रोज सकाळी अनुशापोटी गुळवेल-तुळशीचा काढा आणि रात्री दुधातून चमचाभर अश्वगंधा चूर्ण चालू आहे. दिरांनी ‘स्टॅमिना’च्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत आणि नणंदबाई पपईच्या पानांच्या रसाचा आग्रह धरतात. ताकद यावी म्हणून त्यांनी पहाटे पाच किलोमीटर चालायला सुरुवात केली, पण दर वेळी त्यानंतरचे दोन दिवस अंथरुणात गेले. पतीला हा मनाचा खेळ वाटतो. डॉक्टर रागावतील म्हणून काढ्याविषयी त्यांना सांगितलेले नाही. त्यांनी विचारले आहे: ‘यातले कोणते औषध, किती आणि किती दिवस घ्यावे? वनस्पतीच आहेत, म्हणजे अपाय तर नाही ना?’

तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त खटकले ते तुमचे एकटेपण. घरातला प्रत्येक जण तुमच्या हातात काही ना काही आणून देतो आहे, पण तुम्ही दिवसभरात नेमके काय काय घेता हे समोर ठेवून पाहणारे एकही माणूस नाही. डॉक्टरांना काढा माहीत नाही, वैद्याकडे तुम्ही गेलेला नाहीत आणि काढा सुचवणाऱ्या नातेवाइकांना थायरॉइडची गोळी कदाचित आठवतही नसेल. मी स्वतः आयुर्वेदाची चिकित्सक आहे आणि या वनस्पतींवर माझी श्रद्धा आहे. तरीही आधी हेच सांगते की गुळवेलीचा काढा, अश्वगंधा आणि त्या कॅप्सूल या तिन्ही गोष्टी आजपासून थांबवा. थायरॉइडची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.

आता त्यामागची कारणे सांगते.

गुळवेलीला आपल्या ग्रंथांनी अमृता म्हटले आहे आणि ज्वरात तिचा उपयोग फार जुना आहे. करोनाच्या काळात मात्र ती वैद्याच्या हातून निसटून थेट स्वयंपाकघरात आली, आणि तीही मात्रा, मुदत व रुग्णाची प्रकृती मागे ठेवून. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झालेली आढळली. त्यांनी ती माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी त्याच कुळातली दुसरी वेल तिच्या जागी वापरली जाण्याची शक्यता आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. हा वाद तज्ज्ञांचा आहे आणि तो त्यांनी सोडवावा. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या रुग्णांच्या आजाराचे रूप बहुतांशी असे होते की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटली असावी, आणि त्यांच्यापैकी काहींना आधीपासून थायरॉइडचा विकार होता. तुमच्या वयाच्या स्त्रियांमध्ये थायरॉइड मंदावण्याचे एक नेहमीचे कारण हेच असते की प्रतिकारयंत्रणा त्या ग्रंथीवर हल्ला करत राहते. तुमच्या बाबतीत तसेच आहे की नाही हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ज्या घराला एकदा आग लागून गेली आहे, त्या घरात कोणालाही न विचारता दोन महिने शेकोटी पेटती ठेवणे मला धोक्याचे वाटते.

‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ या शब्दप्रयोगाकडेही एकदा नीट पाहायला हवे. आजारानंतर थकवा राहिला म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली, असे आपण गृहीत धरतो. विषाणूजन्य आजारानंतर रेंगाळणाऱ्या थकव्याची कारणे पूर्णपणे उलगडलेली नाहीत, पण विषाणू गेल्यानंतरही प्रतिकारयंत्रणा पूर्ण शांत झालेली नसणे ही त्यांतली एक गंभीरपणे अभ्यासली जाणारी शक्यता आहे. तसे असेल तर तिला आणखी चेतवण्यात तुमचे हित नाही.

अश्वगंधेबद्दल मला जास्त हळहळ वाटते, कारण ती खरोखरच बल्य, म्हणजे बळ देणारी, आहे. ताण, झोप आणि थकवा यांवर तिच्या काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या अनेकांत गुण दिसला आहे. मात्र त्या चाचण्या बहुतांशी अन्यथा निरोगी माणसांवर, सहा ते बारा आठवडे आणि ठरावीक मात्रेच्या अर्कावर झाल्या, आणि तो अर्क व आपले चमचाभर चूर्ण ही एकच वस्तू नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका छोट्या चाचणीत थायरॉइड किंचित मंदावलेल्या ५० जणांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अर्क दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातील थायरॉइड संप्रेरके वाढली आणि टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारे, त्याला कामाला लावणारे संप्रेरक) खाली आले. ज्याला गोळी चालू नाही त्याला हा गुण वाटेल. तुम्ही मात्र बाहेरून संप्रेरक घेताच आहात. त्यावर ही भर पडली, तर छातीत धडधड, हातापायांना कंप, झोप उडणे आणि मांड्यांतले त्राण जाणे ही लक्षणे दिसू शकतात, आणि यातली बरीचशी लक्षणे अशक्तपणा म्हणूनच ओळखली जातात. तुमचे पाय कापणे नेमके कशाचे आहे, हे मला तुमच्या पत्रावरून सांगता येणार नाही. औषधच थकव्याचे सोंग घेऊन बसलेले नाही ना, हे मात्र आधी पाहायला हवे.

दुसरी एक साधी बाब बहुधा नजरेतून सुटली असावी. थायरॉइडची गोळी अनुशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नसतो, नाहीतर ती शरीरात नीट शोषली जात नाही. तुम्ही काढाही अनुशापोटीच घेता. दोन्ही एकाच वेळी होत असतील, तर गोळीचा गुण कधी कमी, कधी पुरता असा होत राहील. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांत आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवा.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल थोडक्यातच सांगते. त्याची सारी चर्चा डेंग्यूच्या तापात खाली आलेल्या प्लेटलेटपुरती आहे. तुमच्या प्लेटलेट सप्टेंबरमध्येच पूर्ववत झाल्या, त्यामुळे आज तो रस पिण्याचे काही कारण उरलेले नाही. नणंदबाईंना हेच प्रेमाने सांगा. ‘स्टॅमिना’च्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर त्या एकदा डॉक्टरांना दाखवा आणि मग कोणालाही न देता टाकून द्या. ताकदीची म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही औषधांत लपवून घातलेली स्टेरॉइडे सापडलेली आहेत. त्यांनी चार दिवस हुशारी वाटते आणि मग शरीर जास्तच खचते.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्यावर इतक्यात समाधान मानू नका. तुम्ही सोबत पाठवलेल्या यादीत फक्त रक्तपेशींची मोजणी आहे, म्हणजे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. त्यातून डेंग्यू संपल्याचे कळते, थकवा कशाचा आहे हे कळत नाही. डॉक्टरांना भेटून टीएसएच, यकृताच्या तपासण्या, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व, साखर, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम) आणि ईएसआर (शरीरातला दाह) यांविषयी विचारा. सगळ्याच तपासण्या लागतील असे नाही, ते डॉक्टर ठरवतील. फेरिटिनविषयी मात्र आवर्जून बोला. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो आणि नुसत्या त्यानेही थकवा येतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पाळीविषयी तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही, आणि बहुतेक बायका लिहीत नाहीत.

डॉक्टर रागावतील ही भीती मला समजते, कारण काही जण खरोखरच रागावतात. त्यावर मला एकच उपाय ठाऊक आहे. तोंडी सांगण्याऐवजी काढ्याची पुडी, चूर्णाची बाटली आणि कॅप्सूलचे पाकीट एका पिशवीत घालून न्या, ती टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘ऑक्टोबरपासून मी हे घेत होते, आता थांबवले आहे, यकृत एकदा तपासायचे का?’ वस्तू समोर असली की बोलणे वस्तूविषयी होते, माणसाच्या चुकीविषयी होत नाही. भूक मंदावली असेल, मळमळ किंवा अंगाला खाज सुटत असेल, लघवी गडद पिवळी होत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर मात्र भेटीच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

आता पहाटेच्या त्या पाच किलोमीटरविषयी. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती ओझरती लिहून पुढे गेला आहात. चाललात की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, हा आळस नाही आणि मनाचा खेळही नाही. विषाणूजन्य आजारानंतरच्या थकव्याचे हे ओळखीचे लक्षण आहे: श्रम झेपले असे त्या वेळी वाटते आणि त्यांची किंमत काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी चुकवावी लागते. पूर्वी अशा रुग्णांना दर आठवड्याला ठरवून व्यायाम वाढवायला सांगत असत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने दीर्घ थकव्याच्या विकारासाठी २०२१ मध्ये दिलेल्या नव्या मार्गदर्शनात तो उपाय देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. तुम्हाला तो विकार झाला आहे असे मी म्हणत नाही. त्याचा विचार साधारणपणे दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्यात, आणि तोही इतर कारणे तपासून झाल्यावर करतात. डेंग्यूनंतरचा थकवा बहुतेकांचा काही आठवड्यांत, तर काहींचा काही महिन्यांत ओसरतो. पण ज्या श्रमाने दोन दिवस जातात तो श्रम टाळायचा, हा नियम तुम्हालाही लागू आहे.

आपण ज्या परंपरेतून गुळवेल घेतली, तिच्याच चरकसंहितेत ज्वरचिकित्सेच्या अध्यायात सांगितले आहे की ताप उतरलेल्या माणसाने अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान आणि फिरणे टाळावे, नाहीतर ज्वर उलटतो. आज अंघोळ सोडण्याचे काही कारण नाही, पण त्या सांगण्यातला क्रम पाहा. आधी बळ येऊ द्यावे, मग श्रम करावे. आपण नेमके उलटे करतो: बळ यावे म्हणून श्रम करतो, आणि श्रम झेपत नाहीत म्हणून चूर्णे घेतो. ग्रंथांतली औषधे तेवढी आपण उचलली आणि औषधांच्या शेजारीच लिहिलेली विश्रांती तिथेच सोडून दिली. बाईच्या वाट्याला तर ती आणखीच क्वचित येते, कारण दुधात चूर्ण घेताना कोणी अडवत नाही, पण दुपारी तासभर आडवे झाले की घरात चौकशी सुरू होते.

म्हणून तुमच्यासाठी माझे पहिले औषध म्हणजे एक वही. तीन आठवडे रोज रात्री त्यात तीनच गोष्टी लिहा: आज काय काय केले, संध्याकाळी कसे वाटले आणि कालच्या श्रमाचा आज परिणाम दिसला का. किती काम अंगावर येत नाही हे त्यातून तुमचे तुम्हालाच कळेल, आणि मग अंथरूण पाहून पाय पसरता येतील. पहाटेचे चालणे सध्या बंद ठेवा. वही सलग दोन आठवडे स्थिर दिसली, तर घराजवळच दहा मिनिटे सावकाश चाला आणि दुसऱ्या दिवशीचे उत्तर पाहून मगच पुढे जा. एखाद्या दिवशी फार बरे वाटले म्हणून सगळी तुंबलेली कामे त्याच दिवशी उरकू नका. बहुतेक जण तिथेच घसरतात.

शाळेत खुर्चीवर बसून शिकवायला लागा. मुख्याध्यापकांना भेटून लागोपाठ तास देऊ नयेत आणि शक्य असल्यास तळमजल्यावरचे वर्ग द्यावेत, अशी एका सत्रापुरती विनंती करा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मधल्या सुट्टीत वह्या तपासण्याऐवजी पंधरा मिनिटे डोळे मिटून बसा. घरी भाजी निवडणे, चिरणे, कणीक मळणे हे बसून करा. पोळ्यांचे काम काही दिवस दुसऱ्या कोणाच्या हातात गेले, तर घराचे काही अडणार नाही. तुमच्या पतीला मी वाईट समजत नाही. ताप दिसतो, थकवा दिसत नाही, म्हणून त्यांना तो खरा वाटत नाही इतकेच. तीन आठवड्यांनी ती वही त्यांच्यासमोर ठेवा आणि शक्य झाले तर डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत न्या.

वनस्पतींचे काय, असे तुम्ही पुन्हा विचाराल, आणि विचारायलाच हवे. या काळासाठी मी त्या बाटलीतून ताटात आणीन. मला चिकुनगुनिया झाला होता तेव्हा तीन आठवडे आईने मला मुगाच्या कढणाखेरीज फारसे काही दिले नाही, आणि त्याचा मला तेव्हा राग यायचा. आता मीच ते रुग्णांना सांगते. मूग मऊ शिजवून घोटावेत, त्यात जिरे, किंचित सुंठ, सैंधव आणि चमचाभर तूप घालावे. पचनाला जड नाही आणि प्रथिनेही मिळतात. भूक सुधारली की मऊ भात-मेतकूट, नाचणीची आंबील, शेवग्याच्या पानांची भाजी, आणि चालत असेल तर अंडे किंवा मासे घ्या. जेवणासोबत आवळ्याची फोड किंवा लिंबू असू द्या, कारण क जीवनसत्त्वामुळे भाजीपाला आणि डाळींतले लोह चांगले शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा याच्या उलट काम करतो, म्हणून तो तासभर पुढे ढकला. फोडणीतली हळद आणि दुपारच्या चहातली तुळशीची चार पाने खुशाल चालू ठेवा. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका. त्यांतले प्रमाण स्वयंपाकातल्या हळदीपेक्षा कितीतरी जास्त असते आणि त्यांच्यामुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्यासारख्याच अनेक वाचकांची पत्रे येतात, म्हणून थोडे त्यांच्यासाठीही लिहिते. घसा बसला म्हणून काढ्यात रोज ज्येष्ठमध घालणाऱ्यांनी सावध राहावे, कारण ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम कमी होते, ज्याने स्नायू आणखी गळून जातात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना गुळवेल घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते, आणि च्यवनप्राशात साखर भरपूर असते हेही त्यांनी लक्षात ठेवावे. गर्भवतींनी अश्वगंधा घेऊ नये. आणि थकव्यासोबत संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त दिवस खोकला किंवा वजन घटणे असेल, तर आपल्या देशात क्षयाची तपासणी आधी करायची असते, काढा नंतर. छातीत दुखणे, आडवे झाल्यावर दम लागणे किंवा चक्कर येऊन पडणे यांत तर एक दिवसही थांबू नये.

तपासण्या झाल्यावरही आयुर्वेदाचे औषध घ्यावेसे वाटले, तर मला आनंदच होईल, पण ते वैद्याकडून घ्या. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असलेला वैद्य पाहा, त्याच्यासमोर थायरॉइडच्या गोळीची चिठ्ठी आणि सगळे अहवाल ठेवा, आणि एका वेळी एकच औषध, ठरलेल्या मात्रेत व ठरलेल्या मुदतीसाठी द्यावे असे त्याला सांगा. एकदम तीन औषधे सुरू केली, तर गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा हे कधीच कळत नाही. सुटे चूर्ण किंवा रस्त्यावर विकायला येणारी वेल घेऊ नका. वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटक आणि मुदत लिहिलेली असायला हवी. भस्मे व रसकल्प, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेली औषधे, तर कोणाच्याही सांगण्यावरून, एखाद्या दिवसासाठीसुद्धा घेऊ नका. अश्वगंधेचा विचार टीएसएच स्थिर झाल्यावर पुन्हा करता येईल, मात्र तेव्हा वैद्य आणि डॉक्टर या दोघांनाही ते माहीत असावे.

या आठवड्यात तुम्हाला एवढेच करायचे आहे: पिशवी भरून डॉक्टरांना भेटायचे, यकृताची आणि टीएसएचची तपासणी करून घ्यायची आणि वहीचे पहिले पान लिहायचे. अश्वगंधा थांबवल्यानंतर टीएसएच स्थिरावायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणून ती तपासणी त्यानंतर पुन्हा एकदा करा आणि तोपर्यंत गोळीची मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नका. तो दुसरा अहवाल आला की वहीतल्या नोंदींसह मला कळवा, आणि त्या पत्रात पाळीविषयीही लिहा.